मागच्या भाराचे उत्तरदायित्व

नैतिक प्रश्नांचा विचार करू लागलो की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा मोठे पेचप्रसंग उभे राहतात. प्राण वाचविण्यासाठी असत्य बोलावे काय, अन्यायी आज्ञा पाळावी काय, क्षमेला मर्यादा असावी काय, अशा प्रश्नांवर प्रवचने होतात आणि निबंध लिहिले जातात. ते योग्यच आहे. तथापि सामान्य कुटुंबातील माणसाच्या वाट्याला असे प्रसंग आयुष्यात दोनचार वेळाच येतात. त्याचे उरलेले सारे नैतिक आयुष्य लहानसहान, कंटाळवाण्या आणि कोणाच्याही नजरेत न भरणाऱ्या कामांत जाते. अशांपैकी एक काम आम्ही आज विचारासाठी घेत आहोत. ते म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडल्या जाणाऱ्या ट्रॉलीच्या ब्रेकची निगा. हा विषय गॅरेजचा, साहित्याच्या त्रैमासिकात तो कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती. जे काम न केल्याने आजवर काहीच बिघडले नाही, ते न करण्यात दोष आहे काय, हा जुना आणि अवघड प्रश्न या ब्रेकच्या निमित्ताने नीट मांडता येतो.

उदाहरणासाठी आपण वऱ्हाडातील वाशीमकडे जाऊ. प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे गाव १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. जमीन काळी, शेती बहुतांशी पावसावर आणि खरिपाचे मोठे पीक सोयाबीन. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघाले की बाजार समित्यांच्या आवारांकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. परंतु ट्रॉली केवळ धान्यापुरती नाही. तिच्यातून खत येते, विटा आणि वाळू जाते, निंदण-सोंगणीच्या बाया शेतावर जातात, वऱ्हाडी मंडळी लग्नाला जातात आणि रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला कुटुंबेच्या कुटुंबे जातात. गावाचे सारे ओझे आणि गावाची बरीचशी माणसे या एका चौकटीत बसून हिंडत असतात.

आता या वाहनाची रचना पाहू. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण दोन टनांच्या आसपास असते. त्याच्या मागच्या ट्रॉलीत पन्नास क्विंटल सोयाबीन भरले की पाच टन झाले. ट्रॉलीचे स्वतःचे वजन वेगळे. म्हणजे ओढणारा लहान आणि ओढले जाणारे मोठे. सपाट रस्त्यावर हा व्यस्त हिशेब जाणवत नाही. मात्र वाशीम हे पठारावरचे गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीचे. अकोला त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर, पूर्णेच्या खोऱ्यात. मालेगाव, मेडशी, पातूर असा अकोल्याकडे जाणारा रस्ता घाट उतरूनच खाली जातो. चढावर ट्रॅक्टरच्या इंजिनाची परीक्षा होते. उतारावर मात्र ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागते, आणि तिला स्वतःचा ब्रेक नसेल तर सात टनांना आवरण्याचे काम दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या केवळ मागच्या दोन चाकांवर येऊन पडते.

ट्रॅक्टरच्या ब्रेकचीही एक खुबी आहे. त्याला ब्रेकची दोन पायटी असतात, एक डाव्या चाकाची व एक उजव्या चाकाची. शेतात तासाच्या टोकाला वळताना एकच दाबली की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर येण्यापूर्वी ही दोन्ही पायटी खिटीने एकमेकांस जोडावयाची असतात. ती जोडावयाची राहिली आणि घाईत पाय एकावरच पडला, तर मागून लोटणाऱ्या भारासह ट्रॅक्टर एका अंगाला खेचला जातो. ट्रॉली बाजूने पुढे सरकते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. खिटी बसविण्यास एक क्षण लागतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवयही अशीच घातक आहे. तिने इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि तापलेल्या लायनरची पकड उतरते. ज्या क्षणी ब्रेकची गरज सर्वांत अधिक, त्याच क्षणी तो सर्वांत दुबळा झालेला असतो.

ज्या ट्रॉलीला ब्रेक बसविलेला असतो, तिचीही गोष्ट तेथेच संपत नाही. पाश्चात्त्य देशांतील हौशी नावाडी मोटारीच्या मागे ट्रेलरवर नाव ठेवून ती किनाऱ्याला नेतात. त्या ट्रेलरांच्या ब्रेकचा एक प्रकार मोठा चतुर आहे. पुढची मोटार मंदावली की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्यानेच जोडावरचा दट्ट्या आत दाबला जातो आणि ट्रेलरचा ब्रेक लागतो. भार स्वतःच्याच जोराने स्वतःला आवरतो. परंतु नाव पाण्यात सोडताना ट्रेलरची चाके पाण्यात जातात. खारे पाणी ड्रममध्ये शिरते, आणि प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने धुतले नाही तर आतले भाग गंजून जाम होतात. ज्या पाण्यासाठी नाव बांधली तेच पाणी तिच्या ट्रेलरचा ब्रेक खाते. वाशीमच्या ट्रॉलीला समुद्र भेटत नाही. तिला काळ्या मातीचा चिखल, नाल्याचे पाणी आणि उन्हाळ्याची धूळ भेटते. हबातले ग्रीस गळून लायनरवर येते, ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेते, नळीला चीर जाते. यांतले काहीही बाहेरून दिसत नाही. चाक उतरवून, ड्रम काढून, लायनर हाताने चाचपून पाहावा तेव्हाच कळते. येथेच आपल्या प्रश्नाला आरंभ होतो. जे दिसत नाही आणि ज्याची गरज वर्षातून एकदाच लागेल, त्याची निगा माणसाने कशाच्या बळावर राखावी?

एके काळी हे बळ रूढीने पुरविले होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या शेतकऱ्याच्या दारात खांदशेकणी होते. बैलाच्या ज्या खांद्यावर वर्षभर जू असते, तो खांदा हळद आणि तूप लावून शेकला जातो, चोळला जातो. हा सण आहे, कृतज्ञता आहे. पण ती तपासणीही आहे. वर्षातून एकदा तरी धन्याचा हात त्या नेमक्या जागी फिरतो जेथे भार टेकतो. तेथे घट्टा पडला आहे की जखम झाली आहे, हे त्याच्या बोटांना कळते. उतारावर गाडीचा भार बैल आपल्या अंगावर तोलून धरीत, आणि त्यांच्या चालीवरून, त्यांच्या श्वासावरून तो भार किती झाला हे गाडीवानाला समजत असे. ट्रॅक्टर आला आणि हा संवाद संपला. लोखंड कण्हत नाही. पोळ्याला किंवा दसऱ्याला आपण ट्रॅक्टरलाही हार घालतो, गंध लावतो, ते सारे पुढच्या बाजूला. मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली त्या दिवशी कोणी वाकून पाहते काय? यंत्राने श्रम वाचविले हे खरे. परंतु जे दुःख पूर्वी आपोआप कळत असे, ते आता मुद्दाम शोधून काढण्याचे कर्तव्य त्याने आपल्यावर टाकले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशी कल्पना करा की एकाच गावात दोन ट्रॉलीमालक आहेत. दोघांनीही तीन वर्षांत ब्रेकला हात लावलेला नाही. दोघेही एकाच दिवशी, सारखाच भार घेऊन, एकाच उतारावरून खाली येतात. पहिल्याच्या पुढे रस्ता मोकळा आहे. तो घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. दुसऱ्याच्या पुढे वळणावर एक मूल येते. दोघांची कृती एकच, दोघांची हयगय एकच. पहिल्याला गाव सालस माणूस म्हणते. दुसरा आयुष्यभर मान खाली घालून फिरतो. हा न्याय आहे काय?

१९७६ साली इंग्रज तत्त्वचिंतक बर्नार्ड विल्यम्स आणि अमेरिकन तत्त्वचिंतक थॉमस नेगेल यांनी हाच प्रश्न चर्चेला घेतला. विल्यम्स यांनी त्याला 'नैतिक नशीब' अशा अर्थाचे नाव दिले, आणि नेगेल यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी एक नेमके ब्रेकचेच आहे: ब्रेक तपासून घेण्याची किंचित हयगय केलेला चालक, आणि त्याच्या वाटेत आलेले मूल. मूल वाटेत आले नसते तर त्याच हयगयीबद्दल त्याने स्वतःला फारसे टोचून घेतले नसते, हे नेगेल यांच्या ध्यानात आले. आपण माणसाला त्याच्या हातात जे असते त्याबद्दलच जबाबदार धरावे असे म्हणतो. प्रत्यक्षात मात्र त्याच्या हातात नसलेल्या गोष्टींवरून त्याचा निवाडा करतो. या विसंगतीचे सोपे उत्तर त्यांनी दिले नाही.

आमच्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक दोष आणि दुसरे ऋण. दोष घडतो तो हयगयीच्या क्षणी, आणि तो दोन्ही मालकांचा अगदी समान आहे. अपघाताने दोष निर्माण होत नाही. अपघात तो उघडा पाडतो. ऋण मात्र समान नाही. ज्याच्या वाटेत मूल आले, त्याच्यावर त्या घराचे ऋण चढले. ते तो टाळू शकत नाही आणि टाळू पाहील तर तो लहान होईल. पण पहिला माणूस निर्दोष सुटला असे म्हणणे ही आपली आत्मवंचना आहे. तो सुटला तो रस्ता मोकळा होता म्हणून. दुर्दैवी माणसावर दगड उचलताना आपण हे आठवावे की आपल्यापैकी बहुतेकजण अशाच मोकळ्या रस्त्यांवरून घरी आलेले आहोत. या विचाराचा उपयोग दुसऱ्याचा अपराध हलका करण्यासाठी नाही. ज्याचे काहीच बिघडले नाही त्याला वेळीच जागे करण्यासाठी आहे.

'मी काही केलेच नाही' हे वाक्य अशा प्रसंगी नेहमी ऐकू येते. ते खरेही असते. त्याने कोणाला मारले नाही, त्याने फक्त चाक उतरवून पाहिले नाही. परंतु मिस्साच्या आरंभी आपण ज्या पापांची कबुली देतो, त्यांत केलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही समावेश असतो. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात या मुद्द्याचा विचार करताना जहाजाचे उदाहरण घेतले आहे. सुकाणू धरणाऱ्याने सुकाणू धरले नाही आणि जहाज बुडाले, तर ते बुडणे त्याच्याकडे लागते, जरी त्याने हाताने काही केले नसले तरी. मात्र संत थॉमस यांनी येथे एक महत्त्वाची अट घातली आहे. न केल्याचा दोष त्यालाच लागतो, ज्याला ते करणे शक्य होते आणि ज्याने ते करावयास हवे होते. शक्यता आणि कर्तव्य, दोन्ही एकत्र असली पाहिजेत.

ही अट लावून पाहिली की आपला प्रश्न एकदम अवघड होतो. वाशीम हा विदर्भातील त्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली पंतप्रधानांनी विशेष मदतयोजना जाहीर केली होती. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याचे पीक पावसाच्या लहरीवर आणि बाजाराच्या भावावर अवलंबून आहे, त्याला ब्रेकच्या लायनरवर प्रवचन देणे सोपे आहे. त्याचा प्रश्न साधा असतो: मुलाची फी भरू, बियाणे आणू की ट्रॉलीचे चाक खोलू? शहरात बसून या प्रश्नाला उर्मटपणे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तरीही उत्तर आहे, आणि ते टप्प्याटप्प्याचे आहे. ज्या ट्रॉलीला ब्रेक आहे, तिचे लायनर बदलण्याचा खर्च एका नव्या टायरच्या खर्चापेक्षा पुष्कळच कमी असतो. ब्रेकचा सैलपणा काढण्याला तर पैशापेक्षा एक सकाळ लागते. तेथे शक्यता आहे, म्हणून कर्तव्यही आहे. अनेक ट्रॉल्या गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत तयार झालेल्या असतात आणि त्यांना मुळात ब्रेकच नसतो. तेथे लहान शेतकऱ्याला सगळे एकदम शक्य नाही. पण वेग त्याच्या हातात आहे, आणि निसर्गाचा एक नियम येथे गरिबाच्या बाजूने उभा राहतो. धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तासाला तीस किलोमीटरऐवजी पंधरा किलोमीटरने चाललेल्या ट्रॉलीत थांबविण्याजोगी ऊर्जा निम्मी नसते, चौथाईच असते. ज्याला ब्रेक विकत घेता येत नाही, त्याला सावकाशपणा विकत घ्यावा लागत नाही. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे, भार दोन खेपांत वाटणे, दोन्ही पायटी खिटीने जोडणे, ट्रॉलीत माणसे न बसविणे, ही कर्तव्ये सर्वांत गरीब माणसालाही पेलतात. कर्तव्य ऐपतीप्रमाणे आकार बदलते. ते नाहीसे होत नाही.

माणसे न बसविण्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत कृषी ट्रॅक्टरची जी व्याख्या आहे, तीत त्याच्या ट्रेलरचा हेतू शेतीचा माल वाहणे हा सांगितला आहे. तरी आपल्या खेड्यांत ट्रॉली हीच अनेकांची बस असते. ४ एप्रिल २०२५ रोजी वाशीमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील गुंज येथील शेतमजूर स्त्रियांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारातील विहिरीत ट्रॉलीसह कोसळला आणि सात स्त्रिया मृत्यू पावल्या. तेथे कोणाचे काय चुकले याचा निवाडा करणे हे आमचे काम नाही, आणि तो प्रसंग ब्रेकचा होता असेही आम्ही म्हणत नाही. आम्हांला वेगळीच गोष्ट दाखवावयाची आहे. रोजंदारीच्या बाईला 'या गाडीचा ब्रेक कधी पाहिला होता?' असे विचारता येत नाही. विचारले तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई कामावर येईल. संत थॉमस यांच्या अटीनुसार तिला शक्यता नाही, म्हणून तिच्यावर कर्तव्यही नाही. मग ते कर्तव्य नाहीसे झाले काय? नाही. ज्यांना विचारता येते त्या सर्वांवर ते वाटून गेले: ट्रॉलीचा धनी, मजूर बोलावणारा शेतमालक, ट्रॉली बनविणारा मिस्त्री, भार वाढवून मागणारा व्यापारी, आणि रस्त्यावर अशी ट्रॉली पाहून तोंड फिरविणारा प्रत्येकजण.

केवळ व्यक्तीच्या सावधगिरीवर हा सारा डोलारा उभा राहावा काय, हा यापुढचा प्रश्न. याचे उत्तर इतिहासाने फार मोठी किंमत घेऊन दिले आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा या गावाहून एक आगगाडी समुद्रकिनाऱ्याकडे निघाली. गाडीत मेथॉडिस्ट पंथाच्या रविवारच्या धर्मशाळेतील मुले, त्यांचे पालक आणि शिक्षक सहलीला चालले होते. चढावर इंजिनाला गाडी ओढवेना. तेव्हा गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यावा असे ठरले. त्या गाडीला जो ब्रेक होता तो डबे जोडलेले असेपर्यंतच चाले. जोड तुटला की मागच्या डब्यांचा ब्रेक गेला. मागचे दहा डबे एका हातब्रेकच्या आणि चाकांखाली लावलेल्या दगडांच्या आधारावर उतारावर उभे राहिले. पुढचा भाग सुटताना किंचित मागे आला, धक्का बसला, दगड चुरडले आणि ते डबे माणसांसह उलटे धावत जाऊन मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मृत्यू पावले. त्यांत मुले पुष्कळ होती.

यातील दुःखद भाग असा की उपाय तेव्हा माहीत होता. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७२ सालीच आपोआप लागणारा हवेचा ब्रेक काढला होता. त्यातील कल्पना साध्या उलटापालटीची आहे. नळीतील हवेच्या दाबाने ब्रेक लागत नाही, तो मोकळा धरला जातो. नळी फुटली, जोड सुटला, डबे विलग झाले की दाब उतरतो आणि प्रत्येक डब्याचा ब्रेक स्वतःहून आवळला जातो. म्हणजे यंत्र माणसाच्या चुकीची वाट पाहत, तिच्यासाठी सज्ज होऊन बसलेले असते. आर्माच्या घटनेनंतर ब्रिटिश पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. जे आधी खर्चिक आणि अनावश्यक वाटत होते, ते ८० थडग्यांनंतर काही महिन्यांत आवश्यक ठरले. आपल्या ट्रॉलीच्या हुकाची पिन सुटली तर काय होईल, हा प्रश्न आपण अशाच एखाद्या दिवसापर्यंत तहकूब ठेवणार आहोत काय? ट्रॉली बनतानाच तिला ब्रेक असावा, साखळी असावी, ही मागणी यंत्रज्ञांची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. जो माणूस थकतो, विसरतो, घाईत असतो, त्याच्यासाठी आधीच तरतूद करून ठेवणे हा दयेचाच एक प्रकार आहे.

पवित्र शास्त्राच्या जुन्या करारात अशा तरतुदींचे नियम आहेत, आणि ते वाचताना आपण बहुधा झपाट्याने पाने उलटतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा घालण्याची आज्ञा आहे, कोणी पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैल पूर्वीपासून मारका असून, धन्याला सूचना मिळूनही त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर होणाऱ्या मृत्यूला धनीही जबाबदार ठरतो. या दोन्ही नियमांत एक सूक्ष्म गोष्ट आहे. कठडा घालण्याची आज्ञा कोणी पडण्यापूर्वीची आहे. आणि बैलाच्या नियमात निर्णायक गोष्ट आहे ती धन्याला असलेली माहिती. ब्रेक सैल लागतो हे पायाला कळले, त्या दिवशीच आपला बैल मारका असल्याची सूचना आपल्याला मिळाली. त्यानंतरची प्रत्येक खेप माहितीनिशी केलेली आहे.

तात्पर्य, ब्रेकची निगा ही वाटेत येणाऱ्या अनोळखी माणसाशी केलेली वागणूक आहे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याची जात, पंथ, गाव ठाऊक नाही. तो कधी भेटेल हेही ठाऊक नाही. बहुधा तो कधीच भेटणार नाही, आणि ट्रॉली वेळीच थांबली म्हणून आपण वाचलो हे त्याला कळणारही नाही. या कामाला आभार नाहीत. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा आपण आजारी माणसाच्या उशाशी आणि भुकेल्याच्या ताटाशी ओळखतो. ग्रीसने माखलेल्या हातांनी, उताणे पडून, चाकाच्या मागे बॅटरीचा उजेड मारणाऱ्या माणसाच्या ठायीही ती ओळखता आली पाहिजे.

वाशीमच्या पठारापासून दूर राहणाऱ्या आपल्या वाचकांना यात काय करता येईल? ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांना सांगणे नको. त्यांनी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैल असोत वा नसोत, ट्रॉलीचे एकेक चाक उतरवून भार टेकतो त्या जागी हात फिरवावा. ज्यांच्या घरी नाही त्यांनी निदान विचारावे. धर्मग्रामाची सहल, यात्रा किंवा लग्नाची वरात ठरते तेव्हा आपण गाडीचे भाडे विचारतो, किती माणसे बसतील ते विचारतो, वाटेत जेवण कोठे ते विचारतो. त्या यादीत आणखी एक प्रश्न घालावा: ब्रेक शेवटचा कधी पाहिला होता? गाडीवाल्याला राग आला तर येऊ द्यावा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरी गाडी पाहावी. आर्माच्या त्या सकाळी असा प्रश्न विचारणे मुलांच्या हाती नव्हते. आपल्याबरोबर जी मुले गाडीत चढतात, त्यांच्याही हाती ते नाही.